क्षितिजरेषेच्या मागावर : हॉलंडमधले पाच दिवस

पहिला दिवस : ॲमस्टरडॅम

कोल्हापूरच्या एका शाळेत मी तीस वर्षं चित्रकला शिकवली. ‘निसर्गचित्र काढा’ म्हटलं की पन्नास वह्यांमध्ये एकच चित्र उमटायचं. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली झोपडी, झोपडीच्या दारातून निघालेली नदी आणि कडेला नारळाचं झाड. रागवावंसं कधी वाटलं नाही. दरवर्षी एकच प्रश्न मात्र विचारायचे, “हे सगळं बघताना तू स्वतः कुठे उभा आहेस?” मुलं गोंधळायची. ज्याला उत्तर सुचायचं, त्याचं चित्र त्या दिवसापासून बदलायचं.

निवृत्तीनंतर दुसऱ्यांदा लेकीकडे ॲमस्टलवेनला आले, तेव्हा हाच प्रश्न घेऊन इथल्या चित्रांसमोर उभं राहायचं ठरवलं होतं. निसर्गचित्र ही स्वतंत्र, स्वतःच्या पायावर उभी राहिलेली चित्रकला म्हणून युरोपात ज्या भूमीवर रुजली, त्यांतली पहिली ठळक भूमी हीच. इंग्रजीतला ‘लँडस्केप’ हा शब्दसुद्धा साधारण १६०० च्या सुमारास इथल्या चित्रकारांच्या ‘लांडस्खाप’वरून तिकडे गेला. ‘लांडस्खाप’चा मूळ अर्थ प्रदेश, जमिनीचा तुकडा. मला त्यासाठी ‘मुलूख’ हा आपला शब्द नेमका वाटतो. निसर्गात माणूस नसला तरी चालतं. मुलुखात मात्र वाट असते, बांध असतो, गुरं असतात, लांबवर कुणाचं तरी गाव असतं. इथली चित्रं बघताना हा फरक पावलोपावली जाणवतो.

“आई, पाच दिवस तुझे. तिकिटं काढून ठेवलीत,” असं लेकीने आल्या आल्याच सांगितलं होतं. सकाळी ट्रामने राईक्सम्युझियम गाठलं. लोक रेम्ब्राँच्या ‘नाइट वॉच’ या चित्राकडे धावत होते, मी सरळ हेंड्रिक ॲव्हरकॅम्पच्या हिवाळ्यासमोर जाऊन उभी राहिले. १६०८ च्या सुमाराचं चित्र. कालवा गोठलाय आणि सगळं गाव बर्फावर उतरलंय. कुणी घसरतंय, कुणी पडतंय, कुणी ओझी वाहतंय, उंची कपड्यांतली जोडपी मिरवताहेत. ॲव्हरकॅम्पला बोलता येत नसे. ‘कॅम्पेनचा मुका’ म्हणूनच तो ओळखला जाई. त्याने किती डोळे भरून पाहिलं होतं, ते चित्राच्या डाव्या कोपऱ्यात कळतं. तिथे जुन्या दाराची फळी काठीवर तिरकी टेकवून पाखरांसाठी फासा लावलाय. काठीची दोरी ओढली की फळी खाली पडणार. एवढ्या गर्दीत हे त्याला दिसलं, आणि ते चित्रात घ्यावंसं वाटलं.

हात लांब करून पेन्सिलीने क्षितिज मोजलं. ते बरंच वर आहे. म्हणजे चित्रकार जमिनीवर उभाच नाही, एखाद्या उंच गच्चीवरून खाली बघावं तसा बघतोय. ही उंची त्याच्या आधीची. १५२४ मध्ये वारलेला अँटवर्पचा योआखिम पाटिनीर असाच आभाळातून बघायचा. डोंगर, नद्या, समुद्र, शहरं असं अख्खं जग एका फळीवर मांडायचा आणि कोपऱ्यात बोटभर संत बसवायचा. चित्र विकलं जायचं संताच्या नावावर, जीव ओतलेला असायचा मुलुखात. नुसता मुलूख रंगवायला तेव्हा निमित्त लागत असे.

पुढच्या दालनांत ते निमित्त गळून पडतं. एसायस व्हॅन डे वेल्डेचं १६२२ चं ‘गुरांची नाव’ पाहिलं. गुरं नावेत चढवून पैलतीरी नेताहेत, बस्स. बघणारा आता काठावर, जवळजवळ पाण्याच्या पातळीवर आलाय. त्याचा शिष्य यान व्हॅन गोयेन. त्याचं १६४१ चं ‘दोन ओक’ समोर आलं आणि मी बाकावर बसलेच. वाळलेल्या फांद्यांचे दोन जख्ख ओक, त्यांच्या सावलीत टेकलेली दोन माणसं, दूरवर धूसर सपाटी, आणि त्यावर आभाळच आभाळ. रंग म्हणाल तर तपकिरी, मातकट पिवळा, करडा हिरवा, एवढेच. आम्ही वर्गात एका रंगाच्या छटा काढायला लावायचो, त्याच बेताने अख्खं चित्र उभं केलंय.

या काटकसरीमागे कारण होतं. प्रोटेस्टंट धर्मसुधारणेनंतर चर्चने चित्रं मागवणं जवळपास बंद केलं. चित्रकाराला आता बाजारात उभं राहून व्यापारी, कारागीर, दुकानदार अशा गिऱ्हाइकांना चित्र विकायचं होतं. थोडे स्वस्त रंग आणि ओल्यावर ओला हात, या पद्धतीने व्हॅन गोयेन झपाट्याने चित्रं करायचा. त्याच्या नावावर हजारावर चित्रं आहेत. फळीवर केलेल्या त्याच्या कितीतरी चित्रांत पातळ रंगाखालून लाकडाच्या रेषा दिसतात, आणि त्याच रेषा तो ढगांसाठी वापरून घेतो. एवढं करूनही त्याने जमिनीच्या आणि ट्यूलिपच्या सट्ट्यात हात पोळून घेतले. १६३७ मध्ये ट्यूलिपचा बाजार कोसळण्याच्या तोंडावरच त्याने त्या फुलांचे कंद घेतले होते. १६५६ मध्ये तो कर्जातच गेला.

दुसरा दिवस : हार्लेम

ॲमस्टरडॅमहून हार्लेम म्हणजे गाडीने पंधरा-वीस मिनिटं. खिडकीतून बघत राहावं असा सगळा सपाट मुलूख. चर, कुरण, चर, कुरण, आणि मध्ये एखादा बगळा. डोंगर नाही, टेकडी नाही. कोल्हापूरहून कुठेही निघालं तरी तासाभरात आडवा डोंगर येतोच. त्यामुळे नजर कुठेच न अडण्याची मला सवय नाही. पहिले दोन दिवस अगदी उघड्यावर पडल्यासारखं वाटतं.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला या लहानशा गावात काय काय जुळून आलं ते बघण्यासारखं आहे. १५८५ मध्ये स्पेनच्या सैन्याने अँटवर्प घेतलं आणि दक्षिणेतले विणकर, व्यापारी, चित्रकार जीव आणि हुन्नर घेऊन उत्तरेला आले. हार्लेममध्ये त्यांची मोठी वस्ती झाली. दक्षिणेतूनच, त्यांच्या थोडा आधी आलेला एक चित्रकार कारेल व्हॅन मांडर. त्याने १६०४ मध्ये चित्रकारांसाठी मोठा ग्रंथ छापला आणि त्यात निसर्गचित्राला वेगळं प्रकरण दिलं. तरुण चित्रकारांना तो सांगतो की पहाटे उठा, गावाबाहेर पडा, बघा आणि रेखाटा. त्याच सुमारास, १६०३ मध्ये, हेंड्रिक गोल्झियसने इथल्या वाळूच्या टेकड्यांवर जाऊन पलीकडच्या सपाटीचं पेनने रेखाटन केलं. त्यात संत नाही, कथा नाही, फक्त शेतं आणि झाडांच्या रांगा. पुढे आठ-नऊ वर्षांनी क्लास यान्स व्हिस्करने हार्लेमच्या आसपासच्या ‘रम्य जागां’ची छापील चित्रमालिका काढली. घरबसल्या पानं उलटायची आणि आपल्याच गावाबाहेर फिरून यायचं, अशी ती कल्पना. स्पेनशी चाललेली लढाई अजून मिटली नव्हती, पण देश आपला झाला होता. आपली म्हणून जी जमीन हाती आली, ती डोळे भरून बघायची भूक या चित्रांच्या मुळाशी आहे, असं मला फार वाटतं.

मोठ्या चौकात सेंट बाव्होचं देऊळ आहे. देऊळ म्हणायची सवय लेकीची नात्यातली मंडळी हसून दुरुस्त करतात, पण मला चर्चपेक्षा तोच शब्द जवळचा वाटतो. आत फरशीखाली गावातली माणसं पुरलेली आहेत. १६८२ च्या मार्चमध्ये ॲमस्टरडॅमला वारलेल्या जेकब व्हॅन रॉइसडालला इथे, त्याच्या जन्मगावी आणून पुरलं. माझ्या लेखी सगळ्या निसर्गचित्रकारांत हा पहिला. मी चप्पल काढून थोडा वेळ उभी राहिले. लेक काही बोलली नाही, तिनेही काढली.

दुपारी बसने ब्लुमेनडालच्या बाजूला गेलो आणि वाळूच्या टेकड्या चढलो. टेकड्या म्हणजे समुद्राने आणि वाऱ्याने रचलेले ढीग, आता गवताने आणि काटेरी झुडपांनी धरून ठेवलेले. पायाखाली वाळू सरकते, चढताना दम लागतो. माथ्यावर पोचून वळलं की खाली पटांगण पसरलेलं, आणि झाडांच्या वर, लांबवर, सेंट बाव्होचा तोच मनोरा.

रॉइसडालने हाच देखावा परत परत रंगवला. त्या चित्रांना लोक लाडाने ‘हार्लेम्प्ये’ म्हणत, म्हणजे ‘छोटी हार्लेमं’. त्यांत पुढच्या पटांगणात पांढऱ्या पट्ट्या दिसतात. ते कापड आहे. टेकड्यांमधून झिरपून आलेलं पाणी इतकं नितळ की दूरदूरचं लिनन ब्लीच करायला इथे यायचं. क्षारात उकळायचं, ताकात भिजवायचं, मग गवतावर अंथरून महिनोन् महिने उन्हात ठेवायचं. पंचगंगेच्या घाटावर वाळत घातलेली धुणी बघत मी वाढले. त्यामुळे या पट्ट्यांकडे बघताना ऊन किती वाजताचं असेल, याचा अंदाज मला न सांगताच येतो.

मी स्केचबुक काढलं. क्षितिजरेषा कागदाच्या मध्यावर ओढली आणि लगेच खोडली. खाली आणली, तिसऱ्या हिश्शावर. तरी वरचं आभाळ अडखळल्यासारखं वाटत होतं. अजून खाली आणली. तेव्हा कुठे समोरचं पटलं. आपण उंचावर असूनही आभाळ एवढं भारी पडतं की जमिनीला कागदाचा तळच मिळतो. शिक्षक म्हणून मी ‘क्षितिज नजरेच्या पातळीवर’ हा नियम हजारदा सांगितला. पण नजर कुठेही असो, तिच्यावर आभाळाला किती जागा द्यायची हा निर्णय वेगळा, आणि तो चित्रकाराचा, हे हाताने त्या टेकडीवर शिकले.

तिसरा दिवस : द हेग

मॉरित्सहाऊस हे चित्रसंग्रहालय लहान आहे, म्हणून मला आवडलं. दोन-अडीच तासांत थकवा न येता बघून होतं.

काल ज्या टेकडीवर बसले होते, तिथल्या परिसरातलंच रॉइसडालचं ‘ब्लीचिंगच्या पटांगणांसह हार्लेम’ इथे आहे. १६७० ते ७५ मधलं. माझ्या मनात ते भिंतभर होतं, प्रत्यक्षात ५५ बाय ६२ सेंटिमीटर. जवळपास चौकोनी, आणि दोन तृतीयांश आभाळ. ढगांच्या सावल्या जमिनीवरून सरकताहेत, एका फटीतून ऊन निसटून नेमकं कापडाच्या पट्ट्यांवर पडलंय. नाक काचेला लागेल इतकी जवळ गेले. एकेक पट्टी म्हणजे ब्रशचा एकच आडवा फटकारा आहे, पांढऱ्यात किंचित पिवळा. पट्टीच्या शेवटी ब्रश उचलल्याची खूण दिसते. शेजारी मुंगीएवढी माणसं वाकून कापड ओढताहेत. त्यांच्यासाठी तर ब्रशचे दोनच ठिपके, पण कमरेतून वाकलेली आहेत हे स्पष्ट कळतं. तीनशे पन्नास वर्षांपूर्वीचा एक ढगाळ दिवस, आणि त्यात कष्टाला लागलेली माणसं. मला भरून आलं.

त्याने हे टेकडीवर बसून रंगवलेलं नाही, हेही सांगायला हवं. बाहेर खडूने रेखाटायचं आणि तैलरंग घरी, असाच तेव्हाचा रिवाज होता. घरी आल्यावर तो मोकळेपणाने बदलही करायचा. जर्मनीच्या सरहद्दीवरचा बेंटहाइमचा किल्ला प्रत्यक्षात साध्या टेकाडावर आहे. रॉइसडालच्या चित्रात तो चांगल्या डोंगरावर चढून बसलाय. सपाट देशातल्या माणसाने डोंगर पाहिला आणि तो त्याच्या मनात वाढतच गेला.

व्हर्मीरच्या ‘डेल्फ्टच्या देखाव्या’समोर गर्दी होती. त्याबद्दल उद्या, डेल्फ्टमध्ये.

ही वास्तू ज्याने बांधली तो योहान मॉरित्स १६३७ ते १६४४ डच ब्राझीलचा कारभारी होता. साखरेचे मळे आणि त्यांत राबणारे आफ्रिकेतून आणलेले गुलाम, यांवर ती वसाहत चालायची. त्याने सोबत हार्लेमचा फ्रान्स पोस्ट हा चित्रकार नेला. युरोपियन चित्रकाराने अमेरिका खंडात, तिथलीच जमीन बघून केलेली सगळ्यांत जुनी तैलचित्रं पोस्टची. शांत पाणी, खालचं क्षितिज, हार्लेमचंच आभाळ, फक्त झाडं ताडामाडाची. परत आल्यावर तो आयुष्यभर ब्राझीलच रंगवत राहिला आणि गिऱ्हाइकं ती दिवाणखान्यात लावत राहिली. चित्रं देखणी आहेत, म्हणूनच त्यांतली शांतता मला सोसवेना. वेंगुर्ल्याला माझं आजोळ. तिथली डच वखार लहानपणी आमची लपंडावाची जागा होती. भिंतींतून वडाची मुळं उतरलेली. ब्राझीलची वसाहत डचांच्या वेस्ट इंडिया कंपनीची आणि ती वखार ईस्ट इंडिया कंपनीची, पण शतक हेच. मुलूख बघणं आणि मुलूख घेणं या दोन गोष्टी त्या काळात एकाच जहाजातून जात होत्या.

संध्याकाळी पॅनोरमा मेसडॅग. हेंड्रिक विलेम मेसडॅगने १८८१ मध्ये पुरं केलेलं गोल चित्र, चौदा मीटर उंच आणि सुमारे १२० मीटर घेराचं. अंधाऱ्या बोळातून जिना चढून वर आलं की आपण द हेगजवळच्या समुद्रकाठच्या शेव्हनिंगेनच्या टेकडीवर. खाली खरी वाळू पसरलेली, ती कुठे संपते आणि कॅनव्हास कुठे सुरू होतो ते कळत नाही. एकीकडे समुद्र आणि वाळूवर ओढलेल्या नावा, दुसरीकडे गाव. मेसडॅग टेकडीवर काचेच्या नळकांड्यात बसला, जे दिसलं ते काचेवरच रेखाटलं आणि त्यावरून मोठ्या कॅनव्हासवर उतरवलं. त्याची बायको सिंट्ये स्वतः चांगली चित्रकार. तीही यात राबली, आणि तरुण चित्रकार ब्राइटनरही. इथे माझी पेन्सिल निरुपयोगी ठरली. क्षितिजाला टोकच नाही. नात मध्यभागी उभी राहून गोल फिरत होती. “आजी, चित्राची कड कुठाय?”

मेसडॅगच्या पिढीपर्यंत रंग बाहेर नेणं सोपं झालं होतं. १८४१ मध्ये धातूच्या ट्यूब निघाल्या, त्याआधी खललेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. ट्यूबमुळे पॅरिसजवळच्या बार्बिझों गावचे आणि पुढचे फ्रेंच चित्रकार रंगांसकट रानात जाऊन बसले. व्हॅन गॉगने १८८२ च्या ऑगस्टमध्ये याच शेव्हनिंगेनच्या किनाऱ्यावर वादळात चित्र केलं. त्यात वाऱ्याने उडालेली वाळू अजून रंगात रुतलेली आहे. ॲमस्टरडॅममध्ये मागच्या खेपेला मी ती पाहिली होती, बारीक खडे, रव्यासारखे. हे चित्र २००२ मध्ये चोरीला गेलं होतं. २०१६ मध्ये इटलीत नेपल्सजवळ सापडलं.

चौथा दिवस : डेल्फ्ट

सकाळी डेल्फ्टला. व्हर्मीरची जागा सापडते. गावाच्या दक्षिणेला, पाण्याच्या अलीकडच्या काठावर. चित्रातल्या वेशी एकोणिसाव्या शतकात पाडल्या, पण नव्या देवळाचा मनोरा आहे. चित्रात पुढचं गाव ढगाच्या सावलीत आणि मागच्या मनोऱ्यावर ऊन आहे. आम्ही गेलो तेव्हा ढगाळच होतं. अर्धा तास थांबलो, ऊन काही आलं नाही.

दुपारी पुन्हा द हेग, कुन्स्टम्युझियम. इथे चित्रकार मॉन्ड्रियान. चौकोनांचा मॉन्ड्रियान सगळ्यांना माहीत असतो. तो सुरुवातीला कुरणं, कालवे आणि पवनचक्क्या रंगवायचा. १९०८ ते १० मधलं ‘लाल झाड’, १९११ चं ‘करडं झाड’ आणि १९१२ चं ‘बहरलेलं सफरचंदाचं झाड’ ही तीन ओळीने बघावीत. पहिल्यात झाड आहे आणि खाली जमीन आहे. दुसऱ्यात फांद्या आणि मधली हवा एकमेकींत मिसळतात. तिसऱ्यात फक्त कमानी उरतात. क्षितिज कुठे ठेवलं म्हणून शोधलं, तर ते चित्रभर विखुरलं होतं.

पाचवा दिवस : वाइक बाय ड्यूरस्टेडे

रॉइसडालची सर्वांत प्रसिद्ध पवनचक्की इथली. १६६८ ते ७० चं ते चित्र पहिल्या दिवशी राईक्सम्युझियममध्ये मुद्दाम शेवटी पाहिलं होतं. नदीकाठी उभी चक्की, पात्यांमागे दाटलेले ढग, उजवीकडे वाटेवर तीन बायका. पाण्याची पातळी एवढी खाली धरलीय की चक्की आभाळात शिरते.

गाडी आणि मग बस करून गाव गाठलं. नदीच्या बांधावर गेलं की एक चक्की दिसते आणि मन लगेच म्हणतं, हीच ती. ती नव्हे. ही ‘राइन एन लेक’, गावाच्या वेशीवर बांधलेली, तिच्या पोटातून रस्ता जातो. रॉइसडालची चक्की केव्हाच गेली. नदी मात्र आहे, लेक नावाची, रुंद आणि संथ. आणि आभाळ आहे.

इंग्रज निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबलने रॉइसडालची चित्रं बसून नकलून काढली होती. त्या इंग्रजी परंपरेतले शिक्षक पुढे मुंबईला आले. १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. स्कूलमधून तो हात आमच्या कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांच्यापर्यंत पोचला आणि त्यांनी तिथला कोटितीर्थ तलाव रंगवला. आमच्या टाउन हॉल म्युझियममध्ये मुलांना नेऊन मी आबालालांचं पाणी दाखवायचे, पाण्याचा काठ कसा विरघळलाय ते दाखवायचे. त्या पाण्याचा एक झरा या नदीपर्यंत मागे जातो, हे बांधावर बसून जाणवलं आणि फार बरं वाटलं.

जलरंग उघडले. क्षितिज पानाच्या चौथ्या हिश्शावर घेतलं. नात शेजारी बसून तिचं तिचं काढत होती. तिने आधी नदी काढली, मग बांध, मग बांधावर दोन बायका आणि एक मुलगी. आभाळाचा पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, ओला असतानाच पावसाचे टपोरे थेंब पडले आणि निळ्यात पांढरे फुगवटे उठले. लेकीने छत्री उघडून कागदावर धरली.

“आई, बस दहा मिनिटांनी आहे.”

“हा वॉश वाळू दे,” मी म्हटलं, आणि पुढच्या बसपर्यंत आम्ही तिघी तिथेच बसलो.